पिढ्यांचा हिशेब : एका नाकारलेल्या निरीक्षणाचा इतिहास

निसर्गवादी कादंबरी शिकवताना एमिल झोलाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १८७१ ते १८९३ या काळात त्याने एकाच घराण्याच्या शाखा-उपशाखांवर वीस कादंबऱ्या लिहिल्या. आदेलाईद ही त्या घराण्याची मूळ स्त्री. तिच्या मनाचा दुबळेपणा वंशजांमध्ये कुठे दारूच्या व्यसनातून, कुठे हिंसेतून, तर कुठे वेडातून प्रकट होत राहतो. हा भाग शिकवून झाला की वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो : घराणे असे पिढीगणिक खालावत जाते, हे खरे आहे का? या प्रश्नाला आम्ही अनेक वर्षे एकच ठरलेले उत्तर देत आलो. ती एकोणिसाव्या शतकाची समजूत होती, पुढे ती खोटी ठरली, आणि तिच्या नावाने विसाव्या शतकात फार मोठे अत्याचार झाले, असे आम्ही सांगत असू.

उत्तराचा शेवटचा भाग पूर्णपणे खरा आहे. मधला भाग मात्र आम्ही समजत होतो तितका सरळ नाही. काही आनुवंशिक आजार पुढच्या पिढीत खरोखरच लवकर येतात आणि अधिक तीव्र होऊन येतात. वैद्यकाने हे पाहिले, त्याला नाव दिले, नंतर ते नाकारले, आणि सुमारे चाळीस वर्षांनी पुन्हा मान्य केले. या नकाराचा आणि पुनःस्वीकाराचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. खऱ्या निरीक्षणावर खोटी कथा चढली की त्या निरीक्षणाचे काय होते, हा प्रश्न आपल्याही अभ्यासक्षेत्राचा आहे.

ऱ्हासाची कथा

१८५७ साली बेनेडिक्ट मोरेल या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने मानवजातीच्या ऱ्हासावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मांडणीत पिढ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिल्या पिढीत चंचल, चिडका स्वभाव आणि नैतिक शैथिल्य. दुसरीत अपस्मार, उन्माद, व्यसन. तिसरीत वेड आणि आत्महत्या. चौथीत जन्मजात मतिमंदत्व आणि वंध्यत्व. तेथे वंश संपतो. ही मांडणी वाचताना आपण वैद्यकाचा ग्रंथ वाचत आहोत की चार अंकी शोकांतिका, असा संभ्रम पडावा इतकी तिची रचना नाट्यपूर्ण आहे. तिला आरंभ आहे, चढता क्रम आहे आणि अटळ शेवट आहे. पापाचे फळ पुढच्या पिढ्या भोगतात ही जुनी धर्मकल्पना तिने शास्त्राच्या भाषेत आणली. साहित्याने ती उचलली यात नवल नाही. झोलाची मालिका तिच्याच वातावरणात लिहिली गेली. इब्सेनच्या १८८१ मधील ‘घोस्ट्स’ या नावाने आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या नाटकात बापाच्या वर्तनाचे फळ मुलाच्या मेंदूत उतरलेले दिसते.

या कल्पनेला ‘नियमा’चे रूप दिले ते लंडनच्या सर फ्रेडरिक मॉट यांनी. लंडनच्या मनोरुग्णालयांचे विकृतिशास्त्रज्ञ या नात्याने त्यांनी एकाच घरातल्या अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. आईबापांपेक्षा मुलांमध्ये वेड लवकरच्या वयात येते, असे त्यांना दिसले. १९१०-११ च्या सुमारास त्यांनी याला ‘अँटिसिपेशन’चा नियम म्हटले. या संज्ञेसाठी आम्ही येथे ‘पूर्वागमन’ हा शब्द वापरू. आजाराने आपली वेळ अलीकडे ओढणे, एवढाच त्याचा अर्थ. मॉट निरीक्षणापाशी थांबले नाहीत. दुबळा वंश संपवून टाकण्याची ही निसर्गाचीच योजना आहे, असे त्यांनी त्यात वाचले. निरीक्षण एक होते आणि त्याचा लावलेला अर्थ दुसरा, पण पुढची कित्येक दशके ही दोन्ही एकाच शब्दाने ओळखली गेली.

लाँग आयलंडचा डॉक्टर

मोरेलच्या ग्रंथानंतर पंधरा वर्षांनी, १८७२ साली, जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या आतल्या अमेरिकन डॉक्टरने ओहायो राज्यातील एका छोट्या वैद्यक सभेत निबंध वाचला. विषय होता ‘कोरिया’, म्हणजे हातपायांच्या अनैच्छिक, नृत्यासारख्या हालचाली. निबंधाचा बहुतेक भाग लहान मुलांत आढळणाऱ्या नेहमीच्या कोरियावर होता. शेवटच्या काही परिच्छेदांत मात्र त्याने लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला काही घराण्यांत दिसणाऱ्या एका वेगळ्या आजाराचे वर्णन केले. तो आनुवंशिक आहे, त्यात वेडाकडे व आत्महत्येकडे कल असतो, आणि तो प्रौढ वयातच प्रकट होतो, ही तीन वैशिष्ट्ये त्याने नोंदवली. याशिवाय आणखी एक गोष्ट त्याने स्पष्ट सांगितली. आईबापांपैकी कोणाला आजार असेल तर मुलांपैकी काहींना तो होतो. पण एखादे मूल त्यातून आयुष्यभर सुटले, तर त्याच्या पुढच्या वंशात तो पुन्हा उगवत नाही.

या शेवटच्या नोंदीचे मोल फार मोठे आहे. मेंडेलचा निबंध १८६६ सालीच छापला गेला होता, पण त्याची दखल १९०० पर्यंत कोणी घेतली नव्हती. हंटिंग्टनला आनुवंशिकतेचा कोणताही सिद्धांत ठाऊक नव्हता. त्याच्याजवळ होत्या आजोबांच्या आणि वडिलांच्या वैद्यकीय नोंदी. ते दोघेही त्याच ईस्ट हॅम्प्टन गावात डॉक्टर होते. तिघांची मिळून पाऊणशे वर्षांची ओळख त्या घराण्यांशी होती. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना रस्त्यात भेटलेल्या, वाकड्यातिकड्या हालचाली करणाऱ्या मायलेकींची आठवण त्याला अखेरपर्यंत होती. मोरेलची कथा प्रत्येक वंशजाला दोषी धरते. हंटिंग्टनच्या नोंदीत काही मुले पूर्णपणे सुटतात. जवळून, दीर्घकाळ आणि ओळखीच्या माणसांकडे पाहिल्यामुळेच हा फरक त्याच्या लक्षात आला.

असेच धीराचे निरीक्षण १९१८ साली जर्मनीत ट्युबिंगेन येथील नेत्रतज्ज्ञ ब्रूनो फ्लायशर यांनी केले. ‘मायोटॉनिक डिस्ट्रोफी’ या आजारात स्नायू आवळले की चटकन सैल होत नाहीत. हस्तांदोलन केले की रुग्णाला हात सोडवून घ्यायला वेळ लागतो. पुढे स्नायू झिजत जातात. यातील बऱ्याच रुग्णांना मोतीबिंदूही असतो. फ्लायशर यांनी कुटुंबांचे वंशवृक्ष मांडले तेव्हा एक विलक्षण क्रम दिसला. वरच्या पिढ्यांत केवळ उतारवयातला मोतीबिंदू असे, स्नायूंची काहीच तक्रार नसे. पुढच्या पिढीत मोतीबिंदू लवकर येई, आणि त्याही पुढच्या पिढीत तरुण वयातच स्नायूंचा पूर्ण आजार दिसे. येथे पाप नव्हते, व्यसन नव्हते, नैतिक शैथिल्य नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरला दिसलेली ती एक नोंद होती.

नोंदींचा दुरुपयोग

याच सुमारास अमेरिकेत सुप्रजननवादाचा जोर वाढला होता. लाँग आयलंडवरच, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे, चार्ल्स डेव्हनपोर्ट यांच्या सुप्रजननविषयक नोंदणी कार्यालयात कुटुंबांचे वंशवृक्ष गोळा होत होते. १९१६ साली त्यांनी एलिझाबेथ मन्सी यांनी घरोघरी जाऊन जमवलेल्या माहितीवरून हंटिंग्टनच्या आजाराच्या ९६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सतराव्या शतकात येऊन वसलेल्या मोजक्या कुटुंबांपासून हा सारा विस्तार झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि त्यावरचा उपाय म्हणून असे वंश रोखण्याचा आग्रह होता. १९३२ साली व्हेसी या डॉक्टरने आणखी पुढे जाऊन एक चटकदार कहाणी सांगितली. इंग्लंडच्या सफक परगण्यातील ब्यूर्स गावातून १६३० साली निघालेल्या तिघांनी हा आजार अमेरिकेत आणला, आणि त्यांच्याच वंशातल्या स्त्रियांना चेटकिणी म्हणून छळण्यात आले, अशी ती कहाणी. पुढच्या संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा ती टिकली नाही. तरीही ती अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून सांगितली जात राहिली, कारण ती सांगायला रंजक होती. जर्मनीत १४ जुलै १९३३ रोजी सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. त्यात ज्या आजारांची नावे घेतली होती, त्यांत हंटिंग्टनचा आजार होता.

मराठी वाङ्मयाच्या वाचकांनी येथे दोन नावांची आठवण ठेवावी. १९२७ साली ना. सी. फडके यांनी ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी असा त्याचा उघड पुरस्कार होता, आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. आपल्याला तंत्रकुशल कादंबरीकार म्हणून परिचित असलेले फडके त्या काळच्या सुशिक्षितांच्या सर्वसाधारण मतप्रवाहातच वावरत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या असमान रचनेवर प्रबंध लिहिला. वंशावंशांत या बाबतीत भेद दिसेल अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. इरावतीबाईंना मोजमापांत तसा भेद आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. ‘युगान्त’ची लेखिका जी तटस्थता महाभारताकडे पाहताना दाखवते, तिची एक खूण या तरुण वयातल्या प्रबंधात सापडते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पेनरोज यांचा नकार

महायुद्ध संपल्यावर लंडनच्या गॅल्टन प्रयोगशाळेचे प्रमुखपद लायोनेल पेनरोज यांच्याकडे आले. ते क्वेकर पंथाचे, युद्धविरोधी आणि सुप्रजननवादाचे कडवे टीकाकार होते. प्रयोगशाळेच्या नियतकालिकाच्या नावातला सुप्रजननवाचक शब्द त्यांच्याच कारकिर्दीत, १९५४ साली, काढून टाकला गेला. १९४८ साली त्यांनी मायोटॉनिक डिस्ट्रोफीतील पूर्वागमनावर निबंध लिहिला, आणि त्यानंतर हा विषय जवळजवळ मिटला.

त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. डॉक्टरकडे एक तरुण रुग्ण येतो. डॉक्टर चौकशी करतात, आईलाही तो आजार आहे असे कळते, आणि ही जोडी नोंदवहीत उतरते. आता असे पाहा की ज्यांना लहानपणीच तीव्र आजार होतो, त्यांची बहुधा लग्ने होत नाहीत, मुले होत नाहीत. म्हणजे नोंदवहीच्या ‘आईबाप’ या रकान्यात उशिरा आजारी पडणारी माणसेच येणार. उलट ‘मुले’ या रकान्यात लवकर आजारी पडलेलीच येणार. जी मुले साठाव्या वर्षी आजारी पडायची आहेत, ती पाहणीच्या दिवशी धडधाकट असतात, म्हणून ती नोंदलीच जात नाहीत. आई विसाव्या वर्षी आजारी आणि मुलगा साठाव्या वर्षी, अशी जोडी प्रत्यक्षात असली तरी एका डॉक्टरच्या हयातीत ती नजरेस पडणे कठीण. तेव्हा निसर्गात काहीही नसताना नोंदवहीत पूर्वागमन दिसणारच. पेनरोज यांच्या मते हा आजाराचा गुणधर्म नसून रुग्ण निवडण्याच्या पद्धतीचा दोष होता.

हा युक्तिवाद आजही चुकीचा नाही. असा निवडदोष असतोच, आणि प्रत्येक पाहणीत त्याची वजाबाकी करावी लागते. शिवाय त्या काळी जनुक ही स्थिर वस्तू मानली जात होती. ती एक तर जशीच्या तशी पुढे जाते, नाही तर क्वचित एखादे उत्परिवर्तन होऊन कायमची बदलते. पिढीगणिक थोडी थोडी वाढत जाणारी जनुक कोणाच्या कल्पनेतही नव्हती. त्यामुळे पेनरोज यांच्या निबंधाने एका गैरसोयीच्या निरीक्षणाची सोयीस्कर विल्हेवाट लावली. त्यांच्या सुप्रजननविरोधामुळेच त्यांनी हा निष्कर्ष काढला, असे म्हणायला आधार नाही. त्यांचे गणित स्वतंत्रपणे तपासता येते. पण ज्या शब्दाने मनोरुग्णालयांपासून कायद्यांपर्यंतचा प्रवास केला होता, तो शब्द मोडीत निघाल्याचे अनेकांना समाधान वाटले असणार, असा तर्क करता येतो.

या समाधानाची किंमत मात्र कुटुंबांनी मोजली. वडिलांना फक्त मोतीबिंदू, आपल्याला स्नायूंचा त्रास आणि बाळ जन्मतःच लुळे, हे ज्या घरात दिसत होते, त्या घराच्या साक्षीला शास्त्रात जागा उरली नव्हती. डोळ्यांनी पाहिलेले ते आकडेशास्त्राचा भास ठरले होते.

परत आलेले निरीक्षण

तरीही रुग्णांना दीर्घकाळ भेटणाऱ्या डॉक्टरांच्या मनातून ही गोष्ट गेली नाही. १९६० साली मायोटॉनिक डिस्ट्रोफीचा जन्मजात प्रकार वर्णिला गेला. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील पीटर हार्पर यांनी दाखवून दिले की हा तीव्र प्रकार जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. मूळ जनुक स्त्री-पुरुष दोघांकडूनही येत असताना असे का व्हावे, याचे उत्तर स्थिर जनुकाच्या कल्पनेत नव्हते.

दुसरे कोडे एका वेगळ्याच आजाराचे होते. १९४३ साली मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी लिंगसंबद्ध मतिमंदत्वाच्या एका कुटुंबाचे वर्णन केले होते. पुढे हा आजार ‘फ्रॅजाइल एक्स’ म्हणून ओळखला गेला. १९८० च्या दशकात स्टेफनी शर्मन यांनी अशा कुटुंबांचे वंशवृक्ष तपासले तेव्हा दिसले की एखादा आजोबा स्वतः निरोगी, त्याच्या मुली निरोगी, पण त्या मुलींच्या मुलांत आजार येतो. त्या आजोबाच्या भावांत आजाराचे प्रमाण कमी, नातवांत मात्र बरेच जास्त. एकाच जनुकाचा धोका वंशवृक्षातील स्थानावर कसा अवलंबून राहील? या कोड्याला ‘शर्मन विरोधाभास’ असे नाव मिळाले.

१९८९ साली नेदरलँड्समधील ह्योवेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनरोज यांच्या आक्षेपाला सरळ उत्तर दिले. आपणहून दवाखान्यात आलेल्यांवर न थांबता त्यांनी मायोटॉनिक डिस्ट्रोफीच्या कुटुंबांची पद्धतशीर तपासणी केली. निवडदोषाचा विचार करूनही पूर्वागमन शिल्लकच राहिले. पूर्वागमन हे सत्य की कल्पित, असा प्रश्न त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होता, आणि उत्तर ‘सत्य’ असे होते.

त्याचे कारण पुढच्या चार वर्षांत कळले. १९९१ साली फ्रॅजाइल एक्सची जनुक सापडली. तिच्या आरंभी डीएनएची तीन अक्षरे, सी-जी-जी, पुन्हापुन्हा लिहिलेली होती. सर्वसाधारण माणसात ही पुनरावृत्ती पन्नासच्या आत असते. रुग्णांमध्ये ती दोनशेच्या वर गेलेली होती. आणि निरोगी दिसणाऱ्या त्या आजोबांमध्ये ती साधारण ५५ ते २०० च्या दरम्यान होती. त्याच वर्षी स्नायूंच्या आणखी एका आजारात सी-ए-जी या अक्षरांची पुनरावृत्ती सापडली. १९९२ मध्ये मायोटॉनिक डिस्ट्रोफीत एकोणिसाव्या गुणसूत्रावर सी-टी-जीची पुनरावृत्ती आढळली. निरोगी माणसात चाळिशीच्या आत, सौम्य रुग्णात पन्नासच्या पुढे, जन्मजात आजारात हजारांच्या घरात. १९९३ मध्ये हंटिंग्टनच्या आजाराची जनुक चौथ्या गुणसूत्रावर सापडली. तेथे सी-ए-जी चाळीस किंवा अधिक वेळा असेल तर आजार सामान्य आयुर्मानात येतोच, ३६ ते ३९ असेल तर येईल किंवा न येईल, आणि साठच्या वर गेली तर तो बहुधा कोवळ्या वयातच येतो.

जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. लहिया नक्कल करत असतो. एकच शब्द लागोपाठ चारपाच वेळा आला की त्याची नजर घसरते आणि एखादी आवृत्ती जास्तीची लिहिली जाते. पुढचा लहिया त्या प्रतीवरून नक्कल करतो, तेव्हा पुनरावृत्ती आणखी लांब झालेली असते, म्हणून घसरण्याचा संभवही वाढलेला असतो. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून टाकण्यासाठी एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध करावी लागली. पेशीत एकनाथ नाहीत. तेथे नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते, पण लांबलेल्या पुनरावृत्तीपुढे तीच कधी कधी चुकीत भर घालते. शर्मन विरोधाभासही यातून सुटला. आजोबाच्या प्रतीत चूक होती, पण तिने अर्थ बिघडलेला नव्हता. मुलीकडून नातवाकडे जाताना ती एकदम वाढली. सी-जी-जीची ही मोठी उडी आईकडून होते, हंटिंग्टनमधली वाढ प्रामुख्याने वडिलांच्या बीजातून होते, आणि मायोटॉनिक डिस्ट्रोफीचा जन्मजात प्रकार बहुधा आईकडून का येतो हेही याच चौकटीत समजते.

२००१ मध्ये या गोष्टीला एक पुरवणी जोडली गेली. फ्रॅजाइल एक्सच्या मुलांच्या ‘निरोगी’ आजोबांपैकी काहींना उतारवयात हात थरथरण्याचा आणि तोल जाण्याचा वेगळाच विकार होतो, असे हेगरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. नातवासाठी दवाखान्यात आलेल्या आयांनी आपल्या वडिलांच्या तक्रारी सांगितल्या, आणि या वेळी त्या ऐकल्या गेल्या.

मग मॉट बरोबर होते काय?

असे म्हणण्याचा मोह अनेकांना होऊ शकतो, म्हणून उत्तर स्पष्ट दिले पाहिजे : नाही. मॉट यांचा ‘नियम’ वेडाच्या सर्व प्रकारांना, किंबहुना सर्व ‘दुबळ्या’ वंशांना लागू होता. पुनरावृत्तीमुळे होणारे ज्ञात आजार मात्र काही डझनच आहेत, आणि त्या प्रत्येकाचा संबंध एका ठरावीक जनुकाशी आहे. व्यसन, दारिद्र्य किंवा गुन्हेगारी यांच्याशी त्यांचे काही नाते नाही. पुनरावृत्ती प्रत्येक वेळी वाढतेच असेही नाही. ती कधी तशीच राहते, क्वचित आखडतेही. हंटिंग्टनने १८७२ साली नोंदवल्याप्रमाणे ज्या मुलाला ती लांब प्रत मिळालीच नाही, त्याचा वंश मोकळा होतो. आणि मधल्या लांबीच्या, निरुपद्रवी प्रतींतून नव्या घरांत आजार नव्याने उद्भवतो, म्हणून ‘सदोष घराणी’ वेगळी काढून आजार संपवण्याची कल्पना शास्त्रीयदृष्ट्याही पोकळ होती. मॉट यांना जे दिसले त्यातला काही भाग खरा होता. त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र खोटी होती. पेनरोज यांचा सावधपणा योग्य होता. त्यांचा अंतिम निवाडा चुकला. एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवून हा इतिहास आटोपता येत नाही.

जाणण्याचा अधिकार, न जाणण्याचाही

हंटिंग्टनची जनुक सापडण्यामागे व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांचा वाटा फार मोठा होता. तेथे अमेरिको नेग्रेत्ते या डॉक्टरने १९५० च्या दशकात हा आजार ओळखला होता. १९७९ नंतर नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे जात राहिले. दहा पिढ्यांचा, १८,००० हून अधिक माणसांचा वंशवृक्ष त्यातून तयार झाला. डेव्हनपोर्टच्या वंशवृक्षापेक्षा हा वेगळा होता, कारण तो मांडणारी स्त्री त्याच्या बाहेर उभी नव्हती. वेक्सलर यांच्या आईला हाच आजार होता. तिचे निधन १९७८ साली झाले. ज्या चाचणीचा मार्ग त्यांच्या कामाने खुला झाला, ती चाचणी स्वतःवर करून घेण्याविषयीची द्विधा त्यांनी कधी लपवली नाही. आपल्यालाही आजार असल्याचे त्यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितले. त्यांच्या भगिनी ॲलिस वेक्सलर या इतिहासकार आहेत. त्यांचे १९९५ सालचे ‘मॅपिंग फेट’ हे पुस्तक या घराची आणि या शोधाची कथा एकत्र सांगते. चाचणी उपलब्ध झाल्यापासून जगभर बहुसंख्य संभाव्य रुग्णांनी ती करून न घेण्याचाच मार्ग पत्करला आहे. आजार थांबवणारा सिद्ध उपाय हाती नसताना आपल्या आयुष्याचा शेवट आधी वाचावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे असते.

इयन मॅकइवनच्या २००५ मधील ‘सॅटरडे’ कादंबरीतला शल्यविशारद रस्त्यात अडवणाऱ्या गुंडाच्या हालचालींवरून त्याचा हंटिंग्टन ओळखतो, आणि ते ज्ञान शस्त्रासारखे वापरून स्वतःची सुटका करून घेतो. निदान सांगणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता येते, हे त्या प्रसंगातून कळते. झोलाच्या मालिकेतील अखेरच्या कादंबरीत डॉक्टर पास्कालने आयुष्यभर जमवलेली घराण्याची टिपणे त्याची आई त्याच्या मृत्यूनंतर जाळून टाकते. आम्ही पूर्वी ही कृती अज्ञानाची म्हणून शिकवत असू. ज्या काळात अशा टिपणांवरून माणसांचे हक्क काढून घेतले गेले, तो काळ लक्षात घेता त्या म्हातारीच्या भीतीकडे आता आम्ही थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो.

आपल्या देशातही हे आजार आहेत. तोल आणि हालचाल बिघडवणाऱ्या, सी-ए-जीच्या पुनरावृत्तीने होणाऱ्या एका विकाराचे पहिले वर्णन १९९९ साली अमेरिकेतील एका कुटुंबावरून झाले. पण पुढे तो उत्तर भारतातील एका अंतर्विवाही समाजात तुलनेने अधिक आढळला, आणि तेथे तो एका समान पूर्वजापासून आला असावा असा पुरावा मिळाला. त्या समाजाचे नाव शास्त्रीय निबंधांत आहे. येथे ते देण्याची गरज आम्हाला वाटत नाही, कारण आपल्याकडे नावावरून निष्कर्षापर्यंत जाण्याची घाई फार आहे. ‘खाण तशी माती’ ही म्हण आपण सहज वापरतो. लग्न ठरवताना ‘त्यांच्या घरात काही आहे का’ ही दबक्या आवाजातली चौकशी महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. त्या ‘काही’ या शब्दात क्षय, कोड, वेड, अपस्मार असे सगळे एकत्र कोंबलेले असते. अशा वातावरणात आजार लपवला जातो, आणि लपवल्यामुळे ज्यांना माहिती मिळायला हवी त्यांनाच ती मिळत नाही. पूर्वागमनाचा खरा इतिहास सांगितला पाहिजे तो यासाठीही.

शोध अजून थांबलेला नाही. हंटिंग्टनमधली पुनरावृत्ती फक्त पिढ्यांमध्येच नव्हे, तर एकाच माणसाच्या मेंदूतल्या पेशींमध्येही आयुष्यभर हळूहळू लांबत जाते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ती काही पेशींमध्ये दीडशेच्या आसपास पोचल्यावर त्या पेशी झपाट्याने बिघडू लागतात. तोवरची कित्येक वर्षे शांत असतात. म्हणजे ही लांबण्याची गती मंदावता आली तर आजार पुढे ढकलता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली आहे. ज्या वाढीला मॉट यांनी निसर्गाचा न्याय मानले आणि पेनरोज यांनी भास मानले, तीच आता उपचाराचे लक्ष्य बनली आहे.

पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला की आम्ही जुने उत्तर देणार नाही. घराणी खालावत नाहीत, असे आम्ही सांगू. काही आजार मात्र पिढीगणिक अलीकडे येतात. ते कोणाच्या पापामुळे येत नाहीत, नकलेतल्या चुकीमुळे येतात, आणि प्रत्येक मुलाला ती चूक मिळतेच असे नाही. एवढे सांगून झाले की मग झोलाकडे वळायला हरकत नाही. त्याच्या वीस कादंबऱ्या वाचण्यासारख्या आहेतच, फक्त त्यांतला वंशवृक्ष पुरावा म्हणून वाचायचा नाही.